उशिरा बोलू लागणारे मूल

शाळा उघडण्यापूर्वी पटनोंदणीसाठी शिक्षक वस्त्यांवरून व तांड्यांवरून फिरू लागला, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे नाव टिपून घेताना एखादी माता हलक्या आवाजात सांगते, "गुरुजी, लेकरू हुशार हाय, पर आजून बोलत न्हाई." तेवढ्यात आजी मध्येच म्हणते की, ह्याचा बापही चार वर्षांचा होईतो मुकाच होता, आता बाजारात कसा भाव करतो ते पाहा! सर्वजण हसतात, शिक्षकही हसतो आणि नाव पटावर चढते. परंतु ह्या हसण्यातच चार वर्षे निघून गेलेली असतात. जे दोन वर्षांच्या वयात पाहावयास हवे होते, ते सहाव्या वर्षी पाहिले जाते.

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नसते. दोन वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे दहा ते पंधरा मुले बोलण्यात मागे असतात, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेत जाण्याच्या वयापर्यंत इतरांच्या बरोबरीस येतात. मुलींपेक्षा मुलगे थोडे उशिरा बोलतात, हाही अनुभव खरा आहे. अडचण एवढीच की, दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून हे आपोआप बोलू लागणाऱ्यांपैकी आहे की नाही, हे घरातील कोणासही सांगता येत नाही. बापाचे उदाहरण त्यास उपयोगी पडत नाही. म्हणून वाट पाहण्यास हरकत नसली, तरी तपासणी करून घेऊन मग वाट पाहावी.

तपासणी पहिल्याने जिभेची नव्हे, तर कानांची व्हावयास पाहिजे. मूल बोलावयास शिकते ते ऐकून. जन्मापूर्वी, मातेच्या उदरात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे कान काम करू लागलेले असतात व मातेचा आवाज त्याच्या ओळखीचा होतो. पैठणच्या एकनाथमहाराजांच्या भारुडांत मुका व बहिरा अशी दोन निरनिराळी सोंगे आहेत. तेथे ते रूपक म्हणून योग्यच आहे. प्रत्यक्ष संसारात मात्र मुका म्हणून ओळखला जाणारा मनुष्य बहुधा मुळात बहिरा असतो, आणि त्याचा कंठ व जीभ निर्दोष असतात. जन्मतः बहिरे मूलही पहिल्या काही महिन्यांत इतर तान्ह्या मुलांसारखेच हुंकार देते, हसते, रडते. त्यामुळे आईबाप निर्धास्त राहतात. पुढे सहाव्या-सातव्या महिन्यानंतर इतर मुले 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरे घोळवू लागतात, तेव्हा हे मूल त्यात मागे पडते. स्वतःचा आवाजच कानी पडत नसल्यामुळे त्याची ही बडबड वाढत नाही. हा फरक इतका हळू पडतो की, तो घरच्यांच्या ध्यानीही येत नाही.

घरी ऐकण्याची परीक्षा घेतात ती बहुधा फसवी असते. पाठीमागे जाऊन थाळी आपटली आणि मूल दचकले, म्हणजे त्यास ऐकू येते असा निर्वाळा दिला जातो. परंतु थाळीचा आवाज मोठा असतो, जमीन हादरते, कोणाची सावली हलते, आणि मूल ह्यांपैकी कशानेही वळू शकते. शिवाय ढोल ऐकू येणाऱ्या मुलास 'स', 'त', 'क' ह्यांसारखे हलके उच्चार ऐकू येतीलच असे नाही. अशा मुलास बोलणे म्हणजे भिंतीपलीकडचा गलका वाटतो; आवाज आहे, शब्द नाहीत. काही मुलांचे कान वरचेवर फुटतात, किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून राहते. ह्या मुलांस एका आठवड्यात चांगले ऐकू येते तर पुढच्या आठवड्यात कमी, आणि घरचे लोक त्यांस हट्टी ठरवितात. कानात तेल घालण्याचा प्रघात अद्यापि आहे. वाहत्या कानात तेल घातल्याने अपायच होतो.

खरी परीक्षा यंत्रानेच व्हावयाची. नवजात मुलाच्या कानात लहानशी नळी ठेवून एक तपासणी काही मिनिटांत होते, आणि शंका राहिल्यास झोपलेल्या मुलाच्या डोक्यास तारा लावून 'बेरा' नावाची दुसरी तपासणी करितात. दोन्हींत मुलास इजा होत नाही, व त्याने उत्तर देण्याचीही गरज नसते. मूल मोठे होईपर्यंत कान तपासता येत नाहीत, ही समजूत म्हणूनच टाकून दिली पाहिजे. मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले असेल, त्यास जन्मल्यावर तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झाला असेल, गरोदरपणी मातेस रुबेला झाला असेल, अथवा मामा-भाचीचे किंवा आते-मामेभावंडांचे लग्न असून कुळात पूर्वी कोणी बहिरे असेल, तर बोलण्याची वाट न पाहताच ही तपासणी करून घ्यावी.

कान चांगले ठरले, म्हणजे पुढे मुलाचे समजणे पाहावे. एक वर्षाच्या सुमारास मूल आपल्या नावाने वळते व एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दीड वर्षाचे मूल दहा-वीस शब्द बोलते, आणि दोन वर्षांचे मूल सुमारे पन्नास शब्द जमवून 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते. तिसऱ्या वर्षी त्याचे बरेचसे बोलणे परक्यासही कळू लागते. ह्यात महिना-दोन महिने इकडेतिकडे व्हावयाचेच. शब्द मोजताना 'भुर्र', 'हम्मा', 'मम्मं' हेही शब्दच समजावेत. पण शब्दांहून महत्त्वाचे आहे ते बोट. दीड वर्षाचे मूल आकाशातील चांदोबाकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहते, तिने तो पाहिला की नाही ह्याची खात्री करून घेते. जे मूल न बोलताही असे दाखविते, सांगितलेली वस्तू आणून देते, घराबाहेर जाण्याचे नाव काढताच चपला शोधते, त्याच्याविषयी आशा बाळगण्यास पुष्कळ जागा असते. जे मूल बोट दाखवीत नाही, नावाने वळत नाही, डोळ्यास डोळा देत नाही आणि एकटेच एखादे चाक फिरवीत बसते, त्यास ऐकू येत असले तरी वेगळ्या तपासणीची आवश्यकता असते. हे स्वमग्नतेचे लक्षण असू शकते. विसाव्या शतकाच्या मध्यास काही पाश्चात्य वैद्यांनी ह्याचे खापर मातेच्या थंड वागणुकीवर फोडले होते. पुढील संशोधनाने ते मत पार मोडीत निघाले. घरोघरी मात्र सुनेस ऐकावे लागते ते अजून थांबलेले नाही. आणि आलेले शब्द जर मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही न दवडता वैद्यास दाखवावे.

ह्याउलट जे उपाय तत्परतेने होतात ते असे: वेखंड उगाळून जिभेवर लावणे, पोपटाने टोचलेला पेरू खावयास देणे, आणि जिभेखालचा पडदा कापून आणणे. पेरूने काही बिघडत नाही, घडतही नाही. मधातून चाटण देणे मात्र एक वर्षाच्या आतील मुलास धोक्याचे आहे. जिभेखालचा पडदा आखूड असला, तर दूध ओढण्यास किंवा काही उच्चारांस अडचण पडू शकते. परंतु मूल मुळीच बोलत नाही ह्याचे कारण तो नसतो. ते कापून आणल्याचा तोटा असा की, आता उपाय झाला ह्या समाधानात आणखी एक वर्ष जाते.

आईबापांनी घरी करावयाचे ते साधे आहे, पण त्यास सातत्य लागते. मुलास 'पाणी म्हण, मग देते' असे अडवून धरण्याची चाल फार आहे. तहानलेले मूल ह्याने बोलत नाही, रडते. आणि बोलणे म्हणजे शिक्षा असे त्यास वाटू लागते. दुसऱ्या टोकास, मुलाने माठाकडे नुसते पाहिले की पेला पुढे करणारी आजी असते. तिच्या मायेमुळे शब्दाची गरजच उरत नाही. ह्या दोहोंच्या मधला मार्ग असा: मुलाने माठाकडे पाहिले की त्याच्या समोर बसावे, त्याच्याकडे पाहत मनात दहा अंक मोजावेत, काही आवाज आला तर आनंदाने स्वीकारावा, न आला तरी "पाणी. थंड पाणी. घे पाणी" असे म्हणून पेला द्यावा. ते दहा अंक मोजणे मोठ्यांस फार जड जाते. मूल 'हम्मा' म्हणाले, तर 'हम्मा नाही, गाय म्हण' असे न म्हणता "हो, हम्मा आली. काळी गाय आली" असे म्हणावे, मुलाच्या एका शब्दात आपला एक शब्द मिसळावा. 'हे काय? ते काय?' ह्या प्रश्नांचा मारा करण्यापेक्षा, चाललेले काम शब्दांत सांगत जावे. भाकरी थापताना, शेळीस पाला टाकताना, भांडी घासताना जे हात करीत आहेत तेच तोंडाने म्हणावे. केळे हवे की पेरू, असे विचारून दोन्ही हातांत दोन वस्तू धराव्यात. चिऊ-काऊची तीच गोष्ट विसाव्यांदा सांगताना शेवटचा शब्द गाळून थांबावे. मोठ्या माणसास ह्याचा कंटाळा येतो, मुलास येत नाही.

ह्या जिल्ह्यात घरची बोली व बाहेरची भाषा निरनिराळी असणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. शहरात दखनी उर्दू व मराठी शेजारी नांदतात, तांड्यांवर गोरमाटी बोलतात, वाळूजच्या कारखान्यांभोवती हिंदी भाषिक कामगार राहतात. दोन भाषांमुळे मूल गोंधळते व उशिरा बोलते, असे सुशिक्षितांकडूनही ऐकावयास मिळते. हे खरे नाही. शब्द मोजावयाचे तर दोन्ही भाषांतील मिळून मोजावेत, आणि आईने मुलाशी आपल्याच बोलीत बोलावे. घरात गोरमाटी सोडून मोडकीतोडकी मराठी बोला असा सल्ला कोणी शिक्षक देत असेल, तर तो मुलाचे अपरिमित नुकसान करीत आहे. कारण मातेजवळ जेवढे शब्द, गाणी आणि लाडिक हाका आपल्या बोलीत असतात, तेवढ्या परभाषेत नसतात.

वाळूजकडील एका खोलीच्या बिऱ्हाडात आईबाप दोघेही पाळीने कामावर जातात, आणि मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो. असे मूल कधी कधी परक्या भाषेतील आकडे व रंग घडाघडा म्हणते, परंतु तहान लागल्यावर पाणी मागत नाही. मोबाईल बोलतो, पण मुलाने उच्चारलेल्या शब्दास थांबून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांखालील मुलांस पडद्यासमोर बसवू नये असे सांगितले, व पुढे चार वर्षांपर्यंत दिवसातून एका तासाहून अधिक नको असे म्हटले. थकून आलेल्या मातेस हे सांगणे सोपे नाही. निदान जेवणाच्या वेळी तरी मोबाईल दूर ठेवावा.

मदत कोठे मिळते, हे शिक्षकास व अंगणवाडी सेविकेस ठाऊक असले पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, व त्यात श्रवणदोष आणि बोलण्यातील विलंब ह्यांचा समावेश आहे. ह्या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. परंतु ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कारखान्याच्या तळावर, पालात असतात. पथक येते तेव्हा मूल गावात नसते, आणि मूल परत येते तेव्हा पथक येऊन गेलेले असते. अशा मुलाचे नाव कोयता उचलण्यापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविले पाहिजे. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणूनच ओळखतो. तेथील कान-नाक-घसा विभागात मूल दाखविता येते. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली श्रवणदोषासंबंधीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला नाव आहे ते हैदराबादचे अली यावर जंग ह्यांचे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानात शस्त्रक्रियेने श्रवणयंत्र बसविण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेचे काम ह्याच संस्थेकडे आहे.

त्या योजनेत अशा मुलांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. पटावर नाव चढते ते सहाव्या वर्षी. मर्यादा कोणाच्या लहरीने घातलेली नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदूस आवाज मिळाला नाही, तर पुढे यंत्र बसविल्यावरही त्याचे शब्द होणे उत्तरोत्तर कठीण होते. थोडे ऐकू येणाऱ्या मुलास बाहेरून लावावयाच्या श्रवणयंत्राचा लाभही जितका लवकर तितका अधिक होतो. सहाव्या वर्षी आलेल्या मुलासाठी खुणांची भाषा व विशेष शिक्षण ह्यांचा मार्ग खुला असतो, आणि तो सन्मानाचा मार्ग आहे. परंतु तोही दोन वर्षांच्या वयात धरला असता तर मुलाची चार वर्षे मुकी गेली नसती.

पटनोंदणीच्या वहीत सहा वर्षांच्या मुलाचे नाव लिहून झाल्यावर शिक्षकाने तेथून लगेच उठू नये. त्याच घराच्या उंबऱ्यात बहुधा दीड-दोन वर्षांचे धाकटे भावंड उभे असते. त्याचे नाव विचारून घ्यावे, ते खेळात गुंतले असताना आणि आपण त्याच्या दृष्टीआड असताना साध्या आवाजात एकदा हाक मारावी, आणि ते वळले की नाही हे वहीच्या कडेला टिपून अंगणवाडी सेविकेस त्याच दिवशी सांगावे.