हळदीच्या मांडवातला टोमणा: कुठे सोडायचा, कुठे थांबवायचा, कुठे तक्रार करायची

लग्नसराई आली की कर्जत, पनवेल, उरणपासून थेट बेलापूर, घणसोलीपर्यंत हळदीचे मांडव पडतात. सगळं गणगोत जमतं, जेवणावळी उठतात, बँजो वाजतो. त्याच गर्दीत कुणाच्या तरी सुनेला एखादं वाक्य असं लागतं, की ती पुढच्या कार्यक्रमाला जायचंच टाळते.

वाक्यं ठरलेली असतात. "हिला अजून भाकरी थापता येत नाय." "दोन्ही पोरीच का?" "गावावरून आणलीय, शिकंल हळूहळू." तालुक्यातली मुलगी नवी मुंबईत दिलेली असेल तर 'गावठी' हा शब्द ठेवलेलाच. बोलणारा म्हणतो, "गंमत केली." ऐकणारी मात्र घरी येऊन रडते. मग करायचं काय?

गंमत आणि टोमणा यात फरक आहे

आपल्याकडे लग्नात चेष्टा जुनीच आहे. विहिणीला गाण्यातून चिमटे काढायची रीत महाराष्ट्रभर होती. पण त्यात एक न्याय होता. एका विहिणीने चिमटा काढला की दुसरीही गाण्यातूनच परतफेड करायची. दोघींचा मान सारखा. सुनेचं तसं नाही. तिला चारचौघांत काही बोललं तर तिने उलट बोलायचं नाही, अशी अपेक्षा असते. जिला उत्तर देता येत नाही तिची चेष्टा ही चेष्टा राहत नाही, तो टोमणा होतो. घरात प्रत्येकाने हा एक नियम धरला तरी अर्धी भांडणं मिटतील.

त्या वेळी काय बोलायचं?

भाकरी, साडी, बोलण्याची पद्धत असं किरकोळ काही असेल आणि पहिल्यांदाच असेल, तर हसून सोडून दिलं तरी चालतं. पण तेच तेच होत असेल तर गप्प बसू नये. मोठं भाषणही नको. आवाज न चढवता एक वाक्य पुरे: "आत्या, हे मला लागलं. घरी गेल्यावर बोलू." एवढं बोलून भांडी, पाहुणे, पोरं, जे काम समोर असेल त्याला लागावं. उत्तर दिलंही जातं आणि तमाशाही होत नाही.

पिऊन बसलेल्या माणसाशी मात्र त्या रात्री वाद घालू नये. सकाळी बोलावं.

खरं काम नवऱ्याचं

सासरच्या माणसाला सुनेने सांगितलं तर 'उलट बोलते' होतं. तेच मुलाने सांगितलं तर घरातली गोष्ट राहते. त्यामुळे नवऱ्याने कुंपणावर बसू नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे, आई किंवा बहीण एकटी असताना सांगावं: "आई, काय चुकलं तर तिला घरात सांग. चारचौघांत तिच्या माहेरचं काढू नको." बायकोला "सोड ना, तिचा स्वभावच तसा आहे" असं सांगून प्रश्न सुटत नाही, तो पुढच्या हळदीपर्यंत लांबतो.

टोमण्यात मागणी आली तर सावध

नवी मुंबई पट्ट्यात आणखी एक टोमणा ऐकू येतो: "तुझ्या भावांना साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, तुझा हिस्सा कुठाय?" 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. 1984 च्या जासई आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भूखंडाला किंमत आली तशी सुनेच्या माहेरच्या वाट्यावरही नजर गेली.

इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. पण तो हक्क तिचा, सासरचा नाही. घ्यायचा की भावांना हक्कसोड पत्र करून द्यायचं, हे तिने ठरवायचं. त्यासाठी सासरच्यांनी छळ केला तर तो टोमणा राहत नाही, गुन्हा होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक टोमणा पोलीस केस होत नाही. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सुमारे वीस वर्षं जुन्या प्रकरणात नवरा आणि सासरच्यांना निर्दोष सोडलं. टोमणे मारणं, टीव्ही बघू न देणं, एकटीला देवळात जाऊ न देणं असे आरोप कलम 498-अ खालच्या गंभीर क्रूरतेत बसत नाहीत, असं न्यायालयाचं मत पडलं.

1 जुलै 2024 पासून त्या कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86 आली आहेत. बाईला आत्महत्येकडे ढकलणारं किंवा तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर इजा करणारं वागणं, किंवा पैसा-मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ, यात येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड.

दुसरा रस्ता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. त्यात मारहाणीसोबत शाब्दिक आणि भावनिक छळही आहे. अपमान, हिणवणं, नावं ठेवणं आणि खास करून मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. या कायद्याने घरात राहण्याचा आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो.

हा कायदा फक्त सुनेचा नाही. सासूचा छळ होत असेल तर तीही दाद मागू शकते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे बाईविरुद्धही तक्रार होऊ शकते.

आजपासून करता येईल असं

• त्रास वारंवार होत असेल तर वहीत तारीख, ठिकाण, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं लिहून ठेवा.
• व्हॉट्सॲपवर आलेले अपमानाचे मेसेज रागात डिलीट करू नका.
• माहेरी एका तरी माणसाला वेळच्या वेळी सांगा. सगळं साचल्यावर नको.
• महिला हेल्पलाइन 181, तातडीची मदत 112. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी 15100. सरकारी विधी सेवेचा वकील महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मिळतो.
• जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर 14416 या टेलिमानस नंबरवर बोला. घरच्यांनीही अशा बोलण्याला 'नाटक' म्हणू नये.

हळदीला माणसं हौसेने जमतात. पाहुण्यांसमोर सुनेचा मान राखला तर सासरचाच मान वाढतो, आणि माहेरची माणसंही पुढच्या कार्याला निर्धास्त येतात.