तबकडीच्या पाकिटावरचे नाव

जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही कधीतरी ग्रामोफोनच्या तबकड्या सापडतात. ७८ गतीची ती जड, ठिसूळ तबकडी कागदी पाकिटात यायची. पाकिटाला मधोमध गोल खिडकी, त्यातून लेबल दिसायचे. आत नात असो की अभंग, पाकीट बहुधा एकाच छापाचे, कंपनीच्या जाहिरातीचे. गाणारा कोण, हे लेबलावरच्या नावावरूनच कळायचे.

१९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गौहर जान यांनी गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारले. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. लेबलावर कुणाचे नाव टाकायचे, हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून ही सोय.

पुढे मात्र नावे झाकली जाऊ लागली. बंगालमध्ये कालीमातेची गीते गाणारे के. मल्लिक म्हणजे मुन्शी मोहम्मद कासेम. १९३२ च्या रमजान ईदला नजरुल इस्लाम यांचे ईदचे गीत अब्बासुद्दीन अहमद यांच्या आवाजात आले आणि लोकांनी उचलून धरले. इस्लामी गीतांना मागणी वाढली, तेव्हा धीरेन दास लेबलावर ‘गनी मियाँ’ झाले, तर गिरीन चक्रवर्ती ‘सोना मियाँ’. तलत महमूदही बंगालीत ‘तपन कुमार’ या नावाने गायले. आवाज चालत होता. अडचण फक्त नावाची होती.

आपल्या महाराष्ट्रात याहून वेगळेही घडले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मराठी नाट्यपदे त्यांच्याच नावाने घरोघरी वाजली. पुढे मोहम्मद रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात मराठी भक्तिगीते गायली, तीही स्वतःच्याच नावाने. ऐकणाऱ्यांनी ती आपली मानली.

आज भाड्याची खोली शोधणाऱ्या मुलाला आधी नाव विचारले जाते, माणूस नंतर पाहिला जातो. हा अनुभव या पानाच्या अनेक वाचकांना नवा नसेल.

सुरुवातीच्या तबकड्यांवर कुत्र्याचे चित्र नव्हते. पंख असलेला एक फरिश्ता पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहीत बसलेला असे. ते चित्र पाहिले की किरामन कातिबीन आठवतात, माणसाच्या दोन्ही खांद्यांवर बसून त्याची कर्मे लिहिणारे फरिश्ते. रमजान हा तो हिशेब स्वतः तपासण्याचा महिना. त्या वहीत लेबल लिहिले जात नाही, आत काय वाजले तेवढेच लिहिले जाते. शेजाऱ्याला ओळखताना आपणही एवढेच केले तर?