शाळकरी मुले आणि मानवशास्त्र

मानवशास्त्र हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे एखादे दूरचे बेट आणि तेथील रहिवाशांत वही घेऊन बसलेला कोणी गोरा पंडित उभा राहतो. नववी-दहावीतील मुलांचा या शास्त्राशी काय संबंध, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला विचारले होते. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पंडित म्हणून बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु मुलांकडून मी या दिशेने थोडेसे काम करवून घेतले व ते करताना एक चूकही केली. तेवढे सांगावे, असा आजचा हेतू आहे.

आपल्या शालान्त परीक्षेला हा विषय नाही. इंग्लंडात २०१० साली शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांसाठी तो सुरू झाला, पण थोड्याच वर्षांत बंद पडला. तेव्हा अभ्यासक्रमाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. वही, पेन्सिल आणि बोलण्यास राजी असलेले एखादे वडीलधारे माणूस, एवढ्या सामग्रीवर आरंभ करता येतो.

आरंभ कसा करावा, हे रिव्हर्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरांनी दाखवून ठेवले आहे. १८९८ साली केंब्रिजहून एक शास्त्रीय मोहीम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेली, तीत ते होते. माणसाचे काही गुण वंशपरंपरेने उतरतात काय, हे पाहण्यासाठी त्यांनी बेटकऱ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या. आणि त्या समाजाची घडणच त्या कागदांवर उमटलेली त्यांना दिसली. कोणाचे लग्न कोणाशी होते, जमीन कोणाकडे जाते, हे सारे तेथे होते. त्यांची रीत सोपी होती. प्रश्न विचारताना बाप, आई, मूल, नवरा आणि बायको एवढीच नाती वापरायची. ‘काका’, ‘भाऊ’ हे शब्द प्रथम टाळायचे, कारण त्यांची व्याप्ती समाजागणिक निराळी असते. आधी माणसे कागदावर मांडायची. मग यातील प्रत्येकाला काय म्हणून हाक मारता, हे विचारायचे.

हीच रीत मी मुलांना दिली व दिवाळीच्या सुटीत आजीपासून सुरुवात करण्यास सांगितले. सुटीनंतर वर्गात जी चर्चा झाली, तशी पाठ्यपुस्तकावर कधी झाली नव्हती. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघी एकाच शब्दात कोंबल्या जातात. आपण त्यांना वेगळे का ठेवतो? एकीने आणखी पुढचे विचारले. तिची आजी आपल्या सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत असे. सासू ही आत्या कशी? मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत होती व आहे. अशा लग्नात वधूची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. ज्या घरांत तसे लग्न आता होत नाही, तेथेही ती हाक मागे राहिली. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची अशीच प्रांतवार छाननी केली आहे, आणि उत्तरेच्या व दक्षिणेच्या चालींची महाराष्ट्रात कशी सरमिसळ झाली, ते दाखविले आहे.

इरावतीबाईंची आणखी एक हकीकत मी मुलांना वही हाती देण्यापूर्वीच सांगत असे. बर्लिन येथे १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, ती मानवी कवटीच्या दोन बाजूंतील फरकावरील प्रबंधासाठी. हा फरक वंशपरत्वे बदलतो, अशी त्यांच्या प्राध्यापकांची अपेक्षा होती. मोजमापांतून ती सिद्ध झाली नाही, आणि या विद्यार्थिनीने तसे स्पष्ट लिहिले. माणसे मोजण्याच्या मिषाने त्यांना उच्चनीच ठरविण्याचा मोह या शास्त्राला एके काळी फार होता. मुलांच्या मनात तो लवकर शिरतो.

आता माझी चूक. वंशावळी उत्तम उतरल्या म्हणून मी त्या वर्गाच्या भिंतीवर लावल्या. एका मुलीच्या कागदावर तिच्या आजीचे दोन नवरे होते. पहिला वारल्यावर आजीने पाट लावला होता. कित्येक समाजांत विधवेचे असे दुसरे लग्न रूढीने मान्य असे. वर्गात हशा पिकला. आणि हसणाऱ्यांत अशा घरांतली मुले अधिक होती, ज्यांच्या समाजात विधवाविवाहाला १८५६ चा कायदा झाल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या विरोध होत राहिला. मुलीने मधल्या सुटीत कागद फाडून टाकला. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली व मला म्हणाली, “मास्तर, मला विचारलं असतंत तर मीच येऊन पोरांना सगळं सांगितलं असतं. माझ्या नातीला खाली मान का घालायला लावलीत?” मजजवळ उत्तर नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली.

त्या दिवसापासून कागद भिंतीवर लावणे मी बंद केले. सांगणाऱ्याने ‘हे लिही, पण कोणास दाखवू नकोस’ म्हटले, तर मुलांनी तेवढी ओळ खोडावी, मलाही दाखवू नये, असे ठरविले. आजी मात्र पुढच्या वर्षी खरोखरच वर्गात आल्या आणि तासभर बोलल्या. पाटाच्या लग्नात काय विधी होतात, काय होत नाहीत, कोण येतात आणि कोण येण्याचे टाळतात, हे त्यांनी इतके नेमके सांगितले की मुलांच्या वह्या भरल्या. नात पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती.