यीस्टमधले जस्त आणि द्राक्षाची कोवळी वेल

रिकटनंतर, म्हणजे कोवळी वेल छाटल्यावर, फुटलेला शेंडा बांबूच्या आधाराने चढू लागतो आणि एका सकाळी त्याची पाने पिवळी दिसतात. शिरा हिरव्या, मधला भाग फिकट. वेल पहिल्याच वर्षाची, म्हणून जीव तुटतो. मग जो जे सांगेल ते बागेत येते. हल्ली त्यात सूक्ष्म अन्नद्रव्ये भरलेल्या यीस्टचीही भर पडली आहे. यीस्ट उपयोगाचे आहे, पण त्याच्याभोवतीचे काही समज बागायतदाराच्या खिशाला जड जातात.

पहिला समज जमिनीबद्दलचा: पान पिवळे, म्हणजे जमिनीत लोह नाही. नाशिक, सांगली, सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत लोह पुष्कळ असते, फक्त ते मुळाला मिळत नाही. सामू आठच्या पुढे गेला की लोहाचे न विरघळणारे संयुग होते. पाटाचे पाणी जास्त झाले, वाफसा मोडला, की मुळांभोवती बायकार्बोनेट साचते आणि पिवळेपणा वाढतो. अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकले तर तेही थोड्या दिवसांत अडकून पडते. ईडीटीए चिलेटची लोहावरची पकड सामू साधारण साडेसहाच्या वर सैल होते, ईडीडीएचए मात्र चुनखडीतही टिकते. लोहयुक्त यीस्ट जमिनीत कुजले की त्यातून सुटणाऱ्या लोहालाही हाच चुना भेटणार! म्हणून आधी ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून पाहावे. फसफसले, तर औषधाआधी पाण्याचे वेळापत्रक तपासावे.

‘गुळाच्या पाण्यात बेकरीचे यीस्ट आंबवले की तेच झाले,’ असेही ऐकू येते. तसे नाही. यीस्ट वाढत असतानाच त्याच्या खाद्यात जस्त, लोह यांचे क्षार मोजून मिसळतात. पेशी ते आत ओढून घेते आणि प्रथिनांशी, पेशीभित्तिकेशी बांधते. नंतर यीस्ट वेगळे करून, धुऊन वाळवतात. गुळाच्या पिंपात जस्त घातलेच नसेल, तर पेशीत येणार कोठून?

पेशी जिवंतच हवी, ही अटही खरी नाही. खनिज पोचवायचे असेल तर मेलेले यीस्टही चालते. त्यातून मिळणारी अमिनो आम्ले मुळांजवळच्या सूक्ष्मजीवांना उपयोगी पडतात. उत्पादन जिवंत यीस्टचे असेल, तर मात्र ते बोर्डो मिश्रणासोबत एकाच टाकीत घालू नये. तांब्याने ते मरते.

फवारले की पान यीस्ट शोषून घेते, हे तर आकारातच बसत नाही. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची, तर पानावरच्या मेणचट थरातील वाटा नॅनोमीटरच्या. पेशी बाहेरच राहते. तिच्यातून विरघळून जेवढे सुटेल, तेवढेच आत जाते.

सर्वांत महाग पडणारा समज मात्रेचा आहे. ‘सेंद्रिय आहे, थोडक्यात भागते,’ असे म्हणताना गणित कोणी मांडत नाही. समजा, यीस्टमध्ये एक टक्का जस्त आहे. एका किलोत 10 ग्रॅम झाले. बाजारातल्या हेप्टाहायड्रेट झिंक सल्फेटमध्ये 21 टक्के जस्त असते, म्हणजे किलोला 210 ग्रॅम. तेवढेच जस्त द्यायचे तर असे यीस्ट 21 किलो लागेल. बांधलेले जस्त अधिक चांगले टिकत असेल असे मानले, तरी एवढी तफावत सहज भरून निघत नाही. त्यामुळे पाकिटावर जस्ताची टक्केवारी छापलेली नसेल, तर ते पाकीट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोरॉनच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी: कमतरता आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे असते. यीस्टमधून, ठिबकमधून आणि फवारणीतून तिन्हीकडून ते दिले, तर पानांच्या कडा करपतात.

माझ्या मते यीस्टची खरी जागा रोपवाटिकेच्या पिशवीत आणि लागवडीच्या पहिल्या महिन्यांत, कुजलेल्या शेणखताच्या जोडीने आहे. मुळे लहान असतात, गरजही थोडी असते. डॉगरिज खुंटावरच्या बागेत वापरायचेच असेल, तर दोन ओळी यीस्टशिवाय सोडाव्यात, बाकी सर्व सारखे ठेवावे. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची फक्त नवी पाने शेजारी धरून पाहावीत. आधी पिवळी पडलेली पाने तुलनेत धरू नयेत.