दवंडी, वेस आणि संगणकाचं जाळं

आमच्या लहानपणी गावात दवंडी पिटली जायची. हलगी वाजली की माणसं हातातलं काम थांबवून कान द्यायची. दवंडीवाल्याकडे नावांची यादी नसे. निरोप आपल्यासाठी आहे की नाही, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. संगणकांच्या जाळ्यात ज्याला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात, ते हेच.

एरवीच्या निरोपावर एकाच यंत्राचा पत्ता असतो. पण नवा संगणक जाळ्याला जोडला, की त्याला तिथलं कुणीच माहीत नसतं. मग तो सगळ्यांनाच विचारतो, ‘मला पत्ता कोण देईल?’ इथरनेटमध्ये पत्ता ४८ बिटांचा असतो. ते सगळे ‘१’ ठेवले की अर्थ होतो ‘सर्वांना’. प्रत्येक यंत्र तो निरोप वाचतं. पत्ते वाटण्याचं काम ज्याच्याकडे असेल ते उत्तर देतं, बाकीची गप्प राहतात.

म्हणजे एकाला माहिती नाही, म्हणून सगळ्यांचा वेळ जातो. ही किंमत मर्यादेत राहावी म्हणून दवंडीला वेस असते. जाळ्यातली वेस म्हणजे राउटर. तो असा निरोप सहसा पलीकडे जाऊ देत नाही. वेशीच्या आतही स्विचच्या वायरी चुकून वर्तुळात जोडल्या गेल्या, तर तोच निरोप फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढतात आणि जाळं ठप्प होतं. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत तर ब्रॉडकास्ट ठेवलेलंच नाही. ठरावीक गटाला निरोप देण्याची सोय आहे.

मग दवंडीचा काळ संपला का? आम्हाला तसं वाटत नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा खिशातले फोन अचानक कर्कश वाजले. तंत्र होतं ‘सेल ब्रॉडकास्ट’. एसएमएस एकेका नंबरला जातो. इथे टॉवर नंबर विचारतच नाही. एकदाच सांगतो आणि कक्षेतले फोन ऐकतात.

आपल्या कडेगावचंच बघा. मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी पाहायला गावोगावची माणसं येतात. समजा, त्या गर्दीत धोक्याचा इशारा द्यायचा आहे. गावाच्या यादीवरून एसएमएस पाठवले, तर पुण्यात नोकरीला असलेल्या कडेगावकराचा फोन वाजेल आणि इथं गर्दीत उभ्या असलेल्या पाहुण्याला पत्ताच नाही! यादी माणसाला ओळखते, दवंडी जागेला ओळखते. संकट जागेवर येतं.

तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. ऊठसूट इशारे दिले, तर ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होईल. लोक कटकट म्हणून ते बंदच करून टाकतील. आणि दवंडी देणाऱ्याला कुणी ऐकलं, कुणी नाही, हे कळत नाही. म्हणून फोन वाजला, की ज्याच्याकडे फोन नाही त्या शेजाऱ्याचं दार आपणच ठोठावायचं.