कोळंबीच्या खाद्यात जवसाचे तेल आणि समुद्री शेवाळ

दादर, परळ, लालबागच्या मासळी बाजारात मोठी कोळंबी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग पाहतं, मग डोकं धडाला घट्ट आहे का ते पाहतं. भाव तिथे ठरत असला तरी माल तयार होतो तुमच्या तळ्यात, आणि तिथल्या चालू खर्चातला निम्म्याच्या आसपास पैसा खाद्यावरच जातो. त्यातही महाग काय, तर मासळीची कुटी आणि माशाचे तेल.

परदेशात क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, शेवंडीसारख्या प्राण्याच्या खाद्यात वनस्पती तेल आणि समुद्री शेवाळ घालून पाहतात. आपल्याकडे हा प्राणी क्रॉफर्ड मार्केटच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत दिसतो. तो हौसेने आणून तळ्यात सोडू नका. तो बांधात बिळे करतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू त्याच्याबरोबर येऊ शकतो. आपली गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी आहे, तिचाच विचार करू.

समुद्रातल्या कोळंबीला माशाच्या तेलातली खास स्निग्धाम्ले जास्त लागतात. गोड्या पाण्यातलीला ती कमी पुरतात, म्हणून तिच्या खाद्यात निम्मे माशाचे आणि निम्मे वनस्पती तेल घालून पाहण्यास हरकत नाही. शंभर किलो खाद्यात वरून घालायचे तेल दोन-तीन किलोच. त्यात जवस सर्वांत उपयोगी, कारण ओमेगा-३ भरपूर. सोयाबीन चालेल. करडई आणि शेंगदाण्याच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसते, ती एकटी वापरू नयेत.

जवसाचे तेल खाण्याचेच, घाणीवरचे घ्या. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर सुकावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते तळ्यात गेले तर विषच! शिवाय हे तेल लवकर खवट होते. थोडे आणा, बाटली अंधारात ठेवा, वास बदलला की टाकून द्या.

आता एक अडचण. कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, ते नसेल तर कात टाकणे अडते. वनस्पती तेलात ते नगण्य असते. म्हणून खाद्यातला जवळा किंवा कोळंबीच्या डोक्यांची कुटी बंद करू नका. ससून डॉकसारख्या बंदरातून सोललेल्या कोळंबीची डोकी आणत असाल तर शिजवून, वाळवूनच वापरा. कच्च्यातून रोग येतो.

शेवाळाला लोक टॉनिक समजतात. माझ्या मते त्याचा पहिला उपयोग चिकटपणा हाच. कोळंबी गोळी पायांत धरून सावकाश कुरतडते, त्यामुळे गोळी पाण्यात दोन तास तरी टिकली पाहिजे. सरगॅसम या तपकिरी शेवाळातला अल्जिनेट गोळी बांधून ठेवतो. हिरव्या शेवाळातल्या कॅरोटीनपासून कोळंबी स्वतःचा लाल रंग बनवते, आणि शिजवल्यावर तोच गिऱ्हाइकाला दिसतो. पण शेवाळात प्रथिने कमी, राख जास्त. शंभर किलोला दोन-तीन किलोपासून सुरुवात करा. जास्त घातले तर वाढ खुंटेल.

कुणी म्हणेल, गिरगाव, हाजीअली, दादरच्या किनाऱ्यावर फुकट मिळतंय की! ते आणू नका. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून साठवते आणि त्या पाण्यात शहराचे सांडपाणी येते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या स्वच्छ खडकांवरचे, वाहून आलेले ताजे शेवाळ गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, वाळू झटकून, सावलीत वाळवा.

नवे खाद्य सगळ्या तळ्याला एकदम घालू नका. एका तळ्यात घाला, दुसऱ्यात जुनेच ठेवा. कोळंबी रात्री जास्त खाते, म्हणून मोठा वाटा संध्याकाळी द्या आणि दोन तासांनी खाद्याचा ट्रे उचलून पाहा. दर पंधरा दिवसांनी दोन्ही तळ्यांतली पन्नास-पन्नास कोळंबी वजन करून वहीत मांडा. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात सल्ल्याला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.