अटलांटिक ओलांडण्याआधीचा बाजारहाट

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात नोव्हेंबर उजाडला, की शिडाच्या बोटीत बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबांची लगबग सुरू होते. चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो, ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावू लागतात. कॅरिबियनपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल. साधारण तीन आठवडे वाटेत दुकान नाही. अंडी फ्रिजमध्ये कधीच न ठेवलेली घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटायची (कंटाळलेल्या पोरांना हे काम बरे!). काहीजण अंड्यांना व्हॅसलीनही चोळतात. पुठ्ठ्याचे खोके मात्र धक्क्यावरच सोडायचे; त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी बोटीत शिरतात. पिण्याचे पाणी माणशी रोज किमान ३ लिटर धरावे. खारे पाणी गोडे करणारे यंत्र असले, तरी ते बिघडणारच असे समजून टाक्या भरा.